झाडाची जखम भरते की झाकली जाते? छाटणीच्या संशोधनातून घेण्यासारखा एक धडा



रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की आपला बहुतेक वेळ विषय निवडण्यात जातो. ‘नेमकं मोजायचं काय?’ हा प्रश्न आपण शेवटी, मेथडॉलॉजीच्या पानावर, घाईघाईत उरकतो. या प्रश्नाची किंमत किती मोठी असते, हे दाखवणारी एक गोष्ट आज सांगतो. विषय अगदी साधा आहे. रस्त्याकडेच्या, बागेतल्या किंवा कॅम्पसमधल्या झाडाची फांदी नेमकी कुठे कापायची?

या प्रश्नाचं चुकीचं उत्तर युरोप-अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं शिकवलं गेलं. शिकवणारी माणसं काही अडाणी नव्हती. ती निरीक्षण करत होती, झाडांवर प्रेमही करत होती. फक्त मोजत होती ती भलतीच गोष्ट.

बागायतीतली छाटणी आणि रस्त्यावरची छाटणी

‘छाटणी’ म्हटलं की आपल्याला आधी द्राक्षबाग आठवते. नाशिक-सांगलीकडे एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. तिथे कापल्या जातात त्या कोवळ्या, बोटाएवढ्या काड्या. हेतू फळाचा. परिणाम त्याच हंगामात दिसतो, घडांच्या वजनात मोजता येतो.

रस्त्यावरच्या विलायती शिरीषाची किंवा गुलमोहराची गोष्ट वेगळी. इथे फांदी मांडीएवढी जाड असते. हेतू असतो वायर मोकळी करणं, बसला वाट देणं, वादळात फांदी कोणाच्या डोक्यावर पडू नये हे बघणं. आणि परिणाम? तो खोडाच्या आत, वर्षानुवर्षं, कोणाला न दिसता घडत राहतो. ज्याने काप घेतला त्याची तोवर बदली झालेली असते किंवा तो निवृत्त तरी झालेला असतो. पावसाळ्यात झाड पडतं आणि आपण म्हणतो, ‘वारा जोराचा होता.’

म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यात दहा-वीस वर्षांचं अंतर, आणि मधलं सगळं सालीआड. संशोधकाला फसवायला एवढं पुरेसं आहे.

शेणाचा लेप आणि डांबर

विल्यम फोर्सिथ हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा माळी. फोर्सिथिया हे फुलझाड त्याच्याच नावाचं. १७९१ मध्ये त्याने झाडांच्या रोगांवर आणि जखमांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याचा प्रसिद्ध लेप होता. ताजं शेण, जुन्या इमारतींच्या पाडकामातला चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू. हा लेप लावला की पोकळ ओकसुद्धा पुन्हा भरीव होतो, असा त्याचा दावा. तेव्हा ब्रिटिश आरमाराला जहाजांसाठी ओकचं लाकूड हवं होतं, त्यामुळे संसदेनेही या लेपात रस घेतला. टॉमस अँड्र्यू नाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने मात्र या दाव्यांवर कडक टीका केली.

पुढे १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये काउंट दे कार यांनी छाटणीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांची शिकवण दोन वाक्यांत मावते. फांदी खोडाला अगदी घासून, सपाट कापा. मग जखमेवर कोलटार लावा. अमेरिकेत चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांनी १८८१ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आणला आणि ही पद्धत तिकडेही पसरली.

आता बघा, या लोकांकडे पुरावा होता का? होता. फांदी खोडाला घासून कापली की जखमेच्या दोन्ही कडांना जाडजूड, गुबगुबीत वळी येते. हाच तो कॅलस आणि पुढे त्याचंच होणारं लाकूड. वर्षा-दोन वर्षांत ती वळी आत सरकते, जखम लहान दिसायला लागते. डोळ्यांना दिसणारी, पट्टीने मोजता येणारी, दरवर्षी सुधारणारी गोष्ट! ‘जखम किती मिटली?’ हेच यशाचं माप ठरलं. त्या मापावर सपाट काप पास होत होता.

झाड उभं चिरलं तेव्हा

१९५९ मध्ये ॲलेक्स शायगो हा तरुण वनस्पतिरोगशास्त्रज्ञ अमेरिकेच्या वनसेवेत दाखल झाला. कुजलेल्या झाडांचा अभ्यास त्याच्या आधीही होत होताच. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रॉबर्ट हार्टिग यांनी लाकडाच्या कुजीचा संबंध बुरशीशी जोडला होता. त्यातून पुढे रूढ झालेलं चित्र असं होतं: जखम होते, बुरशी शिरते, आतलं मेलेलं लाकूड कुजतं. गाभा मेलेला, त्यामुळे झाड बिचारं काय करणार?

शायगोच्या हाती एक नवं साधन आलं होतं. एका माणसाला पेलवेल अशी हलकी चेनसॉ. त्याआधी बहुतेक वेळा झाड आडवं कापून चकती बघितली जायची. शायगोने हजारो झाडं उभी चिरली, जखमेच्या बरोबर मधून, खाली-वर लांबपर्यंत. आडव्या चकतीत जो नुसता काळा डाग दिसतो, तो उभ्या चिरेत एक अख्खा खांब म्हणून दिसतो. तो कुठून सुरू झाला, किती वर गेला, कुठे थांबला, सगळं.

आणि त्यात एक चक्रावणारी गोष्ट वारंवार दिसली. जखम झाली त्या वर्षी खोडाचा जेवढा व्यास होता, कुज साधारण तेवढ्याच व्यासाच्या आत राहिली होती. त्यानंतर वाढलेलं बाहेरचं लाकूड स्वच्छ. म्हणजे झाड गप्प बसलेलं नव्हतं. त्याने सीमा आखली होती.

१९७७ मध्ये शायगो आणि हॅरल्ड मार्क्स यांनी हे मॉडेल एका पुस्तिकेत मांडलं. त्याचं नाव ‘कम्पार्टमेंटलायझेशन ऑफ डिके इन ट्रीज’, थोडक्यात कोडिट.

कोडिटच्या चार भिंती

आपली त्वचा कापली की त्याच जागी नव्या पेशी येतात आणि जखम भरते. झाडाला हे जमत नाही. खराब झालेलं लाकूड ते दुरुस्त करत नाही. ते त्या भागाला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणजे जखम झाकली जाते, आत ती जन्मभर राहते. कोडिटमध्ये या कोंडण्याच्या चार ‘भिंती’ सांगितल्या आहेत.

पहिली भिंत खाली-वर पसरणं अडवते. पाणी वाहणाऱ्या नळ्या झाड बुजवून टाकतं. ही सगळ्यात कच्ची भिंत, म्हणून कुजीचा खांब लांबट होतो.

दुसरी भिंत आतल्या दिशेने, गाभ्याकडे जाणं अडवते. वार्षिक वलयांमधलं दाट लाकूड हे काम करतं.

तिसरी भिंत बाजूला, खोडाभोवती पसरणं अडवते. इथे आडव्या किरणपेशी कामाला येतात. या तिघींत ही सगळ्यात मजबूत.

चौथी भिंत जखम झाल्यानंतर तयार होते. साल आणि लाकूड यांच्यामधला जिवंत थर, म्हणजे कॅम्बियम, जखमेनंतर खास पेशींचा एक पडदा बनवतो. जुनं लाकूड आत, नवं बाहेर. बुरशी अडवायला ही भिंत सगळ्यात भक्कम. गंमत म्हणजे यांत्रिक ताकदीत ती कमजोर असते, त्यामुळे कधीकधी लाकूड याच रेषेवर गोल फाटतं.

परीक्षेला ‘भिंत’ हा शब्द लिहिलात तर एक लक्षात ठेवा: हे मॉडेल आहे. विटांसारखी भिंत सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. तो समजण्यासाठी घेतलेला शब्द आहे.

मग काप घ्यायचा कुठे?

फांदी खोडातून निघते तिथे नीट बघा. खालच्या बाजूला थोडी सूज असते, शर्टाच्या कॉलरसारखी. तिला कॉलरच म्हणतात. वरच्या बेचक्यात सालीचा एक खडबडीत उंचवटा असतो. फांदी आणि खोड यांची हद्द या दोन खुणांवरून कळते. कॉलरच्या आत, फांदीच्या बुडाशी, बुरशीला अडवणारा एक संरक्षक पट्टा असतो.

सपाट काप हा पट्टाच कापून टाकतो, शिवाय खोडाचं लाकूड उघडं करतो. आता जखम फांदीची राहिली नाही, खोडाची झाली. कडेची गुबगुबीत वळी ही त्या मोठ्या जखमेला झाडाने दिलेली प्रतिक्रिया. शंभर वर्षं तिलाच आपण ‘बरं होणं’ समजत होतो.

उलट टोकाची चूक म्हणजे हातभर खुंट ठेवणं. खुंटावर पानं नाहीत, तो मरतो, बुरशीला आयतं खाद्य मिळतं आणि कॉलर त्याला गिळू शकत नाही.

बरोबर काप दोन्हींच्या मध्ये, कॉलरच्या लगेच बाहेर. जड फांदी असेल तर तीन काप घ्यायचे. पहिला, खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालून, साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा, त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी इथे सुटून पडते आणि पहिल्या कापामुळे खोडाची साल सोलत नाही. तिसरा, उरलेला खुंट कॉलरच्या बाहेरून.

फांदी पूर्ण न काढता आखूड करायची असेल तर ती एखाद्या उपफांदीपाशी कापतात. ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी, असा संकेत आहे. शेंड्याची सूत्रं पुढे चालवायला तेवढी तरी ताकद लागते.

आणि जे आपल्याकडे सर्रास दिसतं, सगळ्या फांद्या एका उंचीवर छाटून झाडाचा खांब करणं? काही महिन्यांत त्या खुंटांवर धुमाऱ्यांचा झुबका फुटतो आणि लोक म्हणतात, ‘बघा, किती छान पालवी आली.’ पुन्हा तेच माप, दिसणारी हिरवळ! ते धुमारे सालीलगतच्या सुप्त कळ्यांतून आलेले असतात. त्यांचा आधार वरवरचा, वाढ झपाट्याची, आणि खाली खुंट कुजत असतो. पाच-सात वर्षांनी त्याच जागी आधीपेक्षा धोकादायक फांद्या लोंबत असतात.

नियम मिळाल्यावर प्रश्न संपले का?

नाही, आणि इथेच संशोधनाची खरी मजा आहे. माप बदलल्यावर जुन्या समजुती एकेक करून तपासता आल्या.

जखमेला रंग किंवा डांबर लावावं का? शायगो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे लेप लावलेल्या आणि न लावलेल्या जखमा १३ वर्षांच्या अभ्यासांत पडताळल्या. लेपाने कूज थांबली नाही. अपवाद आहे, आणि तो नेमका आहे. अमेरिकेत ओकच्या मर रोगाचे कीटक ताज्या जखमेकडे येतात, म्हणून त्या भागात ओकच्या कापाला लगेच रंग लावतात. तिथे रंगाचं काम कीटकाला दूर ठेवणं एवढंच. आपल्या डाळिंब-आंब्याच्या बागेतली बोर्डो पेस्टही विशिष्ट बुरशीजन्य रोगांसाठी असते. रस्त्यावरच्या मोठ्या कापाला ती लावली म्हणून आतली कूज थांबेल असं गृहीत धरता येत नाही.

फांदी किती जाड असली तर चालेल? जर्मनीत डुयेसिफकेन आणि लीजे यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं. कोंडण्याची क्षमता झाडाच्या जातीप्रमाणे बदलते. ओक, बीचसारख्या चांगल्या जातींत १० सेंटिमीटरपर्यंतचा काप, आणि पॉप्लर, विलोसारख्या कमजोर जातींत ५ सेंटिमीटरपर्यंतचाच, असा त्यांचा सल्ला. तिथल्या झाडांत हिवाळ्यातल्या जखमांपेक्षा वाढीच्या हंगामातल्या जखमा चांगल्या कोंडल्या जातात, हेही त्यांनी दाखवलं.

प्रत्येक फांदीला संरक्षक पट्टा असतो का? फ्लोरिडा विद्यापीठातल्या एडवर्ड गिलमन आणि सहकाऱ्यांनी फांदी आणि खोड यांच्या जाडीचं गुणोत्तर तपासलं. फांदी खोडाच्या तुलनेत बारीक असेल तर काप चांगला कोंडला जातो. दोन्ही जवळजवळ सारख्या जाडीचे असतील, म्हणजे जुळं खोड असेल, तर तो पट्टा नीट नसतोच. म्हणून झाड लहान असतानाच एक मुख्य खोड ठरवून बाकीच्या फांद्यांना आवर घालणं हे नंतरच्या कुठल्याही काळजीपूर्वक कापापेक्षा चांगलं.

तुम्ही हा अभ्यास करायचं ठरवलंत तर

वरचं बहुतेक काम मेपल, ओक, बर्च अशा थंड प्रदेशातल्या झाडांवरचं आहे. आपल्याकडची झाडं विलायती शिरीष, गुलमोहर, सोनमोहर, कडुनिंब, पिंपळ. आपला मोठा ऋतुबदल बर्फाचा नाही, मान्सूनचा. आणि आपली छाटणी होते बहुधा पावसाच्या तोंडावर. ‘मार्चमधला काप आणि मे अखेरचा काप, आत काय फरक पडतो?’ हा एम.एस्सी. डेझर्टेशनलासुद्धा झेपेल असा प्रश्न आहे. डिझाइन करताना पुढच्या गोष्टी बघा.

१. माप आधी ठरवा. जखम मिटण्याचा वेग जरूर नोंदवा, पण मुख्य माप म्हणून आतल्या रंग बदललेल्या लाकडाची लांबी आणि क्षेत्रफळ घ्या. त्यासाठी झाड किंवा फांदी उभी चिरावी लागते.

२. एका झाडावरचे दहा काप म्हणजे दहा झाडं नव्हेत. व्हायवात हमखास विचारला जाणारा मुद्दा. एकाच झाडावर दोन्ही पद्धतींचे काप जोडीने घ्या, झाड हा ब्लॉक धरा, आणि विश्लेषणात ते दाखवा.

३. सोबतच्या गोष्टी नोंदवा. फांदीची जाडी, खोडाशी गुणोत्तर, उंची, दिशा, तारीख. जाडी न नोंदवता दोन पद्धतींची तुलना केलीत तर फरक पद्धतीचा की जाडीचा, हे कधीच कळणार नाही.

४. वेळेचं गणित. फेलोशिप काही वर्षांची, कूज दशकांची. अशा वेळी जुन्या कापांचा आधार घेता येतो. सागाला स्पष्ट वार्षिक वलयं असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यासही झाला आहे. अशा झाडात जखमेचं वर्ष मोजून काढता येतं. उष्ण प्रदेशातल्या अनेक जातींत वलयं इतकी स्पष्ट नसतात, म्हणून जात निवडतानाच हे तपासा.

५. यंत्राची मर्यादा ओळखा. ध्वनिलहरींवर चालणारा टोमोग्राफ झाड न कापता आतला अंदाज देतो, पण भेग आणि कूज यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. सुई घुसवून लाकडाचा रोध मोजणारं यंत्र नेमकं असतं, पण ती सुई चौथी भिंतच भेदून जाते. मोजताना आपणच जखम करतो, हे लिहायला विसरू नका.

६. फक्त पडलेली झाडं बघू नका. पावसात पडलेल्या वीस झाडांत कूज सापडली, तरी उभ्या असलेल्या झाडांत ती किती आहे हे माहीत नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही.

७. परवानगी. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. त्यात झाड ‘तोडणे’ या शब्दात त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. लेखी परवानगी हवीच. रस्तारुंदीकरणासारख्या कामात आधीच मंजुरी मिळालेली झाडं चिरायला मिळाली तर उत्तम.

सिनॉप्सिस जमा करण्याआधी एक छोटा सराव करा. तुमच्या विषयातलं एक ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ विधान घ्या. ते ज्या पेपरवरून आलं तो पेपर शोधा, आणि त्यात प्रत्यक्षात काय मोजलं होतं तेवढंच एका ओळीत लिहा. मग त्या ओळीतून ते विधान खरंच निघतं का, बघा. निघत नसेल, तर तुम्हाला तुमचा रिसर्च गॅप सापडला असण्याची बरीच शक्यता आहे.

आणि पुढच्या वेळी कॅम्पसमध्ये छाटणीची गाडी आली, तर दोन मिनिटं थांबून काप कुठे पडतोय ते बघा. करवत चालवणाऱ्या दादांना कॉलर दाखवा. त्यासाठी पीएच.डी. लागत नाही, आणि त्या झाडाची पुढची वीस वर्षं त्या दोन-चार सेंटिमीटरवर ठरतात.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. भेटू पुढच्या लेखात.